टॉपरच्या नोट्स, आपली परीक्षा

परीक्षा जवळ आली की नागपुरात बर्डीपासून नंदनवनपर्यंत झेरॉक्सच्या दुकानांत एकच मागणी असते: टॉपरच्या नोट्स. स्पायरल बाइंडिंग केलेला गठ्ठा हाती पडला की निम्मा अभ्यास झाला, असे मुलांना वाटते. झाला तो टॉपरचा.

तो गठ्ठा जरा उघडून पाहा. झेरॉक्सची झेरॉक्स, तिचीही झेरॉक्स. हायलायटर मारलेल्या ओळी काळपट पट्ट्यांखाली गेलेल्या, समासातले बाण अर्धे कापलेले. एका व्याख्येशेजारी प्रश्नचिन्ह आहे. लिहिणाऱ्याला तिथे काय अडले आणि ते त्याने कसे सोडवले, हे कुठल्याच प्रतीत उतरत नाही. अभ्यास तर नेमका तोच होता!

दोष एकट्या मुलांचा नाही. सरांनी सांगायचे आणि मुलांनी उतरवून घ्यायचे, ही सवय आपणच शाळेपासून लावली. १९२३ पासून विद्यापीठ असलेल्या या शहरात नोट्स कशा काढाव्यात, हे मात्र मुलांना सहसा कुणी बसवून शिकवत नाही.

अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक यांनी ते शिकवले. रीत साधी आहे. पानाच्या डावीकडे रुंद समास सोडा. तासाला उजवीकडे टिपणे घ्या, तीही आपल्या शब्दांत. त्याच दिवशी समासात त्यावरचे प्रश्न लिहा, तळाशी दोन ओळींत सार लिहा. मग उजवी बाजू झाका आणि प्रश्नांची उत्तरे द्या.

सगळी मेख त्या झाकण्यात आहे. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा चार सत्रे नुसता वाचला. दुसऱ्याने एक सत्र वाचून पुढे तीनदा तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवले, लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. आणि परीक्षा काही पाच मिनिटांनी नसते.

तेव्हा सर, मॅडम, तासाची शेवटची पाच मिनिटे मुलांना द्या. वह्या बंद, कोरा कागद, आज काय कळले ते लिहा. यासाठी ना अनुदान लागते, ना जीआर. आणि मुलांनो, टॉपरची वही जरूर बघा. पण आपली लिहून झाल्यावर, आपले काय सुटले ते तपासायला.