टावर चौकातून हिवाळी मासेमारी

हिवाळ्यात गळाला मासा लागावा अशी इच्छा असलेल्या उज्जैनकराने पहाटे तळ्यावर मुळीच जाऊ नये. फ्रीगंजच्या टावर चौकात यावे, पोहे-जिलबी मागवावी आणि टावरच्या घड्याळाकडे पाहत निवांत बसावे. याला आळस म्हणणाऱ्यांचा मासळीचा अभ्यास कच्चा आहे.

मासा शीतरक्ती असतो. पाणी दहा अंशांनी उतरले की त्याच्या शरीराचा कारभार साधारण निम्म्यावर येतो. पचन मंदावते, भूक मरते. माळव्यात जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या आसपास घुटमळत असताना रोहू, कटला, मृगळ ही मंडळी खोल पाण्यात गप्प पडून राहतात. काठावर मफलर गुंडाळून बसलेल्याला मिळते ती फक्त सर्दी. उन्हे चढून उथळ पाणी जरा कोमट झाले, की दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान मासे तोंड हलवू लागतात. तोवर पोह्यांची दुसरी प्लेट शास्त्रसंमत आहे.

आमिषाची कणकेची गोळी वाटाण्याएवढी असावी, तंगूस बारीक असावा. थंडीत मासा आमिष ओढून पळत नाही, नुसते चाखतो. त्यामुळे तरंगा पुरता बुडण्याची वाट पाहू नये. जरा तिरका झाला की हलका हिसका द्यावा. जोरात दिल्यास गळ मागच्या झुडपात जातो, आणि झुडूप बारा महिने गळाला लागते.

चौकात कुणाचा तरी अमेरिकेतला भाचा निघतोच, आणि मग पट्टेरी बासचे पुराण सुरू होते. ते ऐकण्यासारखे आहे. हा मूळचा समुद्रातला, अंडी घालायला नदीत चढणारा मासा. 1879 साली त्याची 132 पिल्ले न्यू जर्सीहून आगगाडीने कॅलिफोर्नियाला नेली आणि त्यांनी तिकडे संसार थाटला. दक्षिण कॅरोलिनात 1941 मध्ये सँटी-कूपर नद्यांचे पाणी अडवले गेले, तेव्हा आत अडकलेल्या बासांनी गोड्या पाण्यातच वंश वाढवला. थंडीत ते लहान शॅड माशांच्या थव्यांमागे फिरतात आणि वर घिरट्या घालणारे कुरव पाहून जाणकार होडी वळवतात. इथेही पक्षी जरूर पाहावेत. फक्त टावरवरची कबुतरे प्रमाण मानू नयेत.

जागा निवडताना मात्र थट्टा नको. क्षिप्रेच्या रामघाटावरचे मासे भाविकांच्या हातचे खाऊन पोसलेले असतात. त्यांच्याकडे गळ घेऊन पाहणाऱ्याला आधी माणसेच धरतील. रुद्रसागर तलाव महाकाल मंदिराच्या दारात आहे आणि 11 ऑक्टोबर 2022 ला मंदिराचा ‘महाकाल लोक’ परिसर खुला झाल्यापासून तिथे गर्दी एवढी, की गळ टाकल्यास यात्रेकरू लागेल. महाशीर 2011 पासून मध्य प्रदेशचा राज्यमासा आहे. त्याला वाहते, खडकाळ पाणी लागते. 2014 पासून नर्मदेचे पाणी उपसून क्षिप्रेत येते, म्हणून महाशीरही पाइपातून येईल ही आशा सोडावी.

उरला गंभीर बंधारा. 1992 च्या सिंहस्थाच्या वेळचा, शहराला पिण्याचे पाणी पुरवणारा. तिथे काय, किंवा गावच्या तळ्यावर काय, मासेमारीचा पट्टा बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. राज्यात 16 जून ते 15 ऑगस्ट हा बंदीकाळ आहे, हिवाळा नाही. तरी गळ काढण्याआधी पट्टेदाराची परवानगी घ्यावी.