मे महिन्यातली ऊब

गाडीतला हीटर लावावा लागेल इतकं कडाक्यात शिरणं आपल्या थंडीच्या स्वभावातच नाही. डिसेंबर आला की वर्तमानपत्रं निफाडचा पारा पहिल्या पानावर आणतात, महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची छायाचित्रं छापतात, आणि १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्यात १.७ अंशांपर्यंत पारा उतरला होता, हे एखादा पुणेकर अजूनही अशा थाटात सांगतो, जणू तो उतरवण्यात त्याच्या आजोबांचा हात होता. पण एवढं सगळं होऊन आपण करतो काय? कानटोपी घालतो, मफलर गुंडाळतो आणि गाडीच्या काचा वर घेतो. माझ्या गाडीतल्या त्या गोल बटणाचा निळा रंग बोटं लागून लागून फिका पडला आहे. लाल मात्र शोरूममधून आला तसाच टवटवीत आहे.

आणि तरीही बॉनेट उघडलं, की इंजिनाकडून डॅशबोर्डच्या दिशेने निघालेले दोन काळे रबरी पाईप दिसतात. आतून जेमतेम सोळा-एकोणीस मिलिमीटरचे, मधल्या थरात धाग्यांचं विणकाम असलेले. एकातून तापलेलं कूलंट डॅशबोर्डमागच्या चिमुकल्या रेडिएटरकडे जातं, दुसऱ्यातून परत येतं. निम्मं पाणी आणि निम्मं इथिलिन ग्लायकॉल असं हे मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास जाईपर्यंत गोठत नाही. ही हमी निफाडला पुरून उरेल. गंमत अशी, की बऱ्याच गाड्यांत या वाटेवर तोटीच नसते. हीटर लावा न लावा, कूलंट फिरतच राहतं. आपण फक्त हवेचा पडदा इकडचा तिकडे करतो. म्हणजे एप्रिलच्या दुपारी एसी पूर्ण सोडून आपण ‘आता कुठे जरा बरं वाटतंय’ म्हणत असतो, तेव्हा आपल्या गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर नव्वद अंशांचा एक झरा मुकाट्याने वाहत असतो. कुणासाठी, ते त्यालाही कुणी सांगितलेलं नसतं.

लग्नघरात एक दूरचे आतोबा असतात. त्यांच्याकडे काम असं काहीच नसतं. दिवसभर ते मांडवाच्या कोपऱ्यात खुर्ची धरून बसलेले असतात. पण ते रुसले की मुहूर्ताच्या वेळी अक्षता हातातच राहतात. हीटरचा पाईप त्यांच्याच गोत्रातला. तो फुटला तर गाडीतली ऊब जाते, हे दुःख आपल्याकडे कुणाला होणार? पण त्याच भोकातून साऱ्या इंजिनाचं कूलंट वाहून जातं. झाकणाच्या दाबाखाली सव्वाशे अंशांपर्यंत न उकळणारं ते मिश्रण, दाब सुटताच वाफ होऊन उसळतं, आणि ज्या हीटरची आठवण आपल्याला कधी झाली नाही, त्याच्यापायी आपण रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभे राहतो.

या पाईपांचं म्हातारपण बाहेरून कळत नाही, हा त्यांचा आणखी एक गुण. वरून काळा, तुकतुकीत, नुकताच तेल लावून बसल्यासारखा. झीज आतून होते. इंजिनातले निरनिराळे धातू आणि त्यांच्यामधलं कूलंट मिळून एक अशक्त बॅटरी तयार होते, आणि तिच्या क्षीण प्रवाहाने रबराला आतून बारीक चिरा पडत जातात, त्याही बहुधा टोकांजवळ, क्लिपच्या आसपास. म्हणून जाणकार माणूस इंजिन गार असताना पाईप टोकाशी आणि मध्ये असा दोन ठिकाणी चिमटीत दाबून पाहतो. टोक मध्यापेक्षा मऊ लागलं, की समजायचं. आमचे मिस्त्री हे काम डोळे मिटून करतात. त्या वेळी त्यांचा चेहरा नाडी बघणाऱ्या वैद्यासारखा होतो आणि आपण उगाचच जीभ दाखवायच्या तयारीत उभे राहतो.

“साहेब, हीटर कधी लावता?” त्यांनी डोळे न उघडताच विचारलं.

“कधीच नाही.”

“मग दोन्ही तोंडं एका तुकड्याने जोडून टाकू? पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरेल. पुष्कळ जण तसंच करून घेतात.”

सल्ला व्यवहारी होता. मी हो म्हणणारच होतो, पण मध्ये कसाऱ्याचा घाट आला.

लहानपणी मे महिन्यात आम्ही काकांच्या गाडीतून दादरहून नाशिकला जायचो. मागे आम्ही पोरं, मांडीवर आंब्यांची पेटी, आणि पुढे आजी, कारण मागे बसलं की तिला मळमळायचं. घाट सुरू झाला की काकांची नजर रस्त्यापेक्षा तापमानाच्या काट्यावर जास्त असायची. काटा लाल रेघेकडे सरकू लागला की ते चारही काचा खाली करायला लावत आणि हीटर पूर्ण सोडत. शास्त्र त्यांच्या बाजूचं होतं. हीटर म्हणजे आणखी एक छोटा रेडिएटरच. पंख्याने त्यातली उष्णता आत ओढली, तेवढीच इंजिनाला उसंत. आम्हा पोरांना मात्र एवढंच कळत होतं, की भर उन्हात इंजिनाचा ताप आम्ही अंगावर काढतो आहोत. पेटीतल्या कच्च्या आंब्यांनाही इगतपुरी येईतो वास सुटायचा. तक्रार नसायची ती फक्त आजीची. लुगड्याचा घोळ जरासा वर घेऊन तिने पाय त्या झोतासमोर धरलेले असत. “राहू दे रे चालू,” ती म्हणायची, “गुडघ्यांना बरं वाटतंय.” वर पोचल्यावर काटा खाली आला की काका हीटर बंद करत, आणि आजी विचारायची, “एवढ्यात संपला घाट?”

“नाही,” मी मिस्त्रींना म्हटलं, “नवेच टाका. दोन्ही.”

जुना पाईप पिळून ओढायचा नसतो, हे तेव्हा पाहायला मिळालं. डॅशबोर्डमागच्या रेडिएटरच्या नळ्या नाजूक. ओढाताणीत त्या वाकल्या तर पाईपाच्या कामात अख्खा डॅशबोर्ड उघडावा लागतो. म्हणून मिस्त्रींनी ब्लेडने पाईपाला उभा छेद दिला आणि साल सोलावी तसा तो अलगद उतरवला. आत खरोखरच चिरांची जाळी होती. खाली ठेवलेल्या घमेल्यात कूलंट उतरत होतं, तेवढ्यात गॅरेजचं मांजर त्या गोडसर वासाने जवळ आलं. तो गोडवा विषारी असतो. मिस्त्रींनी हातातलं काम टाकून आधी मांजराला हाकललं, मग घमेलं झाकलं, मग फरशी धुतली. नव्या पाईपांवर स्क्रूने आवळायच्या क्लिपा चढल्या. या क्लिपांचं मूळ पेटंट १९२१ मध्ये लम्ली रॉबिन्सन या ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याला मिळालं. समुद्रावर आयुष्य काढलेल्या माणसाला पाणी कुठून कुठून निसटतं, हे आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असणार.

नवं कूलंट भरल्यावर आत अडकलेली हवा काढावी लागते. त्यासाठी इंजिन चालू ठेवून हीटर पूर्ण सोडायचा, म्हणजे त्या वाटेचेही बुडबुडे निघून जातात. एप्रिलची दुपार होती. मी चालकाच्या जागेवर बसून मिस्त्रींच्या सांगण्याप्रमाणे काट्याकडे बघत होतो. नव्वद अंशांच्या झऱ्यावरून आलेला वारा थेट पायांवर येत होता, आणि घाम भुवयांवरून वाट काढत होता. शेजारच्या दुकानातले एक गृहस्थ कधीपासून हे बघत उभे होते. अखेर न राहवून ते खिडकीशी वाकले.

“एसी बिघडलाय का हो?”

“नाही नाही,” मिस्त्री बॉनेटमागून अभिमानाने म्हणाले, “हीटर झकास चाललाय.”