सायंटिस्टचं फडकं

दौंडहून पुण्याला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत हडपसर जवळ आलं की मी लॅपटॉप मिटायला घ्यायचो. घ्यायचो म्हणायचं कारण, ते एकदम होत नसे. आधी बॅगेच्या आतल्या कप्प्यातून काळं, मऊ, चष्म्याच्या दुकानात देतात त्या जातीचं फडकं निघायचं. ते झटकायचं, कीबोर्डवर पसरायचं, चारी कोपरे सारखे करायचे, एक हलकी फुंकर मारायची आणि मग झाकण सावकाश खाली आणायचं. केडगावला चढणारे एक आजोबा हा सोहळा आठवड्यातून तीनदा बघायचे. एके दिवशी त्यांना राहवलं नाही. म्हणाले, "काय सायंटिस्ट, निजलं का?"

डबा हसला. तेव्हापासून माझं नाव सायंटिस्ट.

मी राहतो कुरकुंभला. आमच्याकडे एमआयडीसी आहे, तीही रसायनांची. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली माणसं आमच्याकडे चौकात चहा पिताना सापडतात. पण त्यांना कोणी सायंटिस्ट म्हणत नाही, त्यांना केमिस्ट म्हणतात. सायंटिस्ट ही पदवी वेगळी. मोटारसायकलच्या टायरमध्ये हवा किती हे जो काटा लावून बघतो, चहात साखर किती चमचे हे जो अर्ध्या चमच्यापर्यंत सांगतो, तो सायंटिस्ट. हिंजवडीतला माझा भाचा याच माणसाला गीक म्हणतो. "मामा, चारचौघांत ते फडकं काढत नको जाऊ ना, गीकी दिसतं." गीक म्हणजे काय रे, म्हणून विचारलं. त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, "म्हणजे… तू."

आजोबांनी मात्र कारण विचारलं. कारण विचारलं की मला आवरत नाही, हा रोगाचा पुढचा टप्पा. मी म्हणालो, बोटांना तेलकटपणा असतो, तो बटणांवर बसतो. लॅपटॉप मिटला की बटणं आणि स्क्रीन यांच्यात जेमतेम फट उरते. बॅगेत डबा, छत्री, पाण्याची बाटली कोंबली की झाकण दबतं, बटणं स्क्रीनला चिकटतात आणि काही महिन्यांनी काळ्या स्क्रीनवर कीबोर्डची जाळी उमटते. कापूस वेचावा तसा मी एकेक मुद्दा वेचत होतो. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे बटणांना घाम येतो?"

"नाही हो, बोटांना."

"मग हात पुसा की."

याला उत्तर नव्हतं. हडपसर आलं.

आता मी ज्या घरात वाढलो ते घर बघा. रेडिओला भरतकामाचा झगा होता, बटणांपुरती भोकं ठेवलेला. १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई खेळांनी देशात रंगीत टीव्ही आणला. आमच्याकडे मागाहून आला तो कृष्णधवलच, लाकडी पेटीतला. त्या पेटीला दोन्ही बाजूंनी सरकणारं शटर, शटरला कुलूप, कुलपाची किल्ली आईच्या कमरेला. शटरवरून पुन्हा एक कापड, कापडावर दोन पोपट. म्हणजे स्क्रीनला संरक्षणाचे तीन थर, आणि त्यातून बघायला काय, तर आमची माती आमची माणसं. १९८७ साली रामायण सुरू झालं तेव्हा रविवारी सकाळी पेटीला हार आणि पुढे उदबत्ती. राख टीव्हीच्या जाळीतून आत पडायची. आमच्या वडिलांना कोणी येऊन विचारलं नाही, की काय सायंटिस्ट.

पुढे रिमोट आला. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर रबर बांधला गेला. पिशवीवर बटणांचे आकडे झिजून दिसेनासे झाले, आतला रिमोट कोरा करकरीत राहिला, आणि टीव्ही गेला तेव्हा तो तसाच, कोऱ्या अवस्थेत, भंगारात गेला. मिक्सरला फ्रॉक. फ्रिजच्या मुठीला लोकरीचा मोजा. सोफ्यावर कंपनीचं प्लॅस्टिक तसंच. मे महिन्यात पाहुणा उठताना चर्रकन आवाज यायचा आणि पाहुण्याच्या तोंडावर वेदना दिसायची. जूनमध्ये पुस्तकांना खाकी कव्हरं. गावात नवीन ट्रॅक्टर आला की त्याच्या सीटचं प्लॅस्टिक मालकाने काढायचं नाही, ते उन्हाने काढायचं.

हे सगळं करणाऱ्यांना आपण नेटके म्हणतो. टापटीप म्हणतो. पोरीच्या सासरी सांगतो, की बाई, फार जपून वापरणारी माणसं आहेत. फरक एवढाच की माझ्या आईने पोपटांच्या कापडाचं कारण कधी सांगितलं नाही. नुसतं झाकलं की ते संस्कार. कारण सांगून झाकलं की सायंटिस्ट.

कुरकुंभच्या चौकात मोबाइलच्या दुकानात उभं राहून बघा. शिफ्ट सुटलेली असते. पोरगा नवा फोन घेऊन येतो, दुकानदार त्यावर टेम्पर्ड ग्लास चढवतो आणि सांगतो, "९ एच आहे, हिऱ्याच्या खालोखाल." पोरगा खूश. आता हा ९ एच म्हणजे पेन्सिल. शाळेत आपण एचबी वापरायचो, त्याच वंशातली जवळजवळ सगळ्यात कडक पेन्सिल ९ एच. ती घासून ओरखडा उठला नाही, एवढीच त्या आकड्याची हमी. हिरा १० वर बसतो तो मोह्‌स नावाच्या वेगळ्या फूटपट्टीवर, आणि तिथे काच साधारण ६ च्या आसपास. वाळूतलं क्वार्ट्झ ७. म्हणजे खिशात वाळूचे चार कण असले तर हिऱ्याच्या खालोखालची ती काच हरली. हे मी दुकानात एकदा सांगितलं. दुकानदार म्हणाला, "दादा, गिऱ्हाईक तोडू नका."

तर काच चढली, वर मागचं कव्हर चढलं, कव्हर पाऊचमध्ये गेलं. पोराने पाऊच खिशात ठेवला, मोटारसायकलला किक मारली आणि सोलापूर रस्त्यावर उघड्या डोक्याने निघाला. हेल्मेट आरशाला अडकवलेलं. दिवसभर प्लांटमध्ये हाच पोरगा हेल्मेट, गॉगल, सेफ्टी शूज घालून वावरतो, कारण तिथे सेफ्टीचा माणूस गेटवर उभा असतो. रस्त्यावर घातलं तर मित्र हसतात. आरशाला लटकणाऱ्या त्या हेल्मेटच्या काचेवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं, हेही मी बघून घेतलं. सवय.

माझ्यासारख्यांचीही एक जमात आहे हे कबूल करतो आणि त्यातले काही माझ्या पुढचे आहेत. एका केमिस्ट मित्राने लॅपटॉपची स्क्रीन स्वच्छ करायला लॅबमधलं अ‍ॅसिटोन वापरलं. अ‍ॅसिटोनने नेलपॉलिश जातं, बरंचसं प्लॅस्टिकही जातं, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. त्याची तर त्यावर पगारवाढ झालेली. पण घरी आल्यावर ज्ञान चपलांबरोबर बाहेर राहतं. स्क्रीनच्या मधोमध ढगाआडच्या चंद्रासारखा पांढुरका गोळा उगवला. कोजागरीला तरी उपयोगी पडेल, एवढं मी म्हणालो. तो अजून बोलत नाही.

मग ते कॅमेऱ्याला चिकटपट्टी लावणारे. त्यांना आम्ही सगळे हसायचो. २०१६ च्या जूनमध्ये मार्क झुकरबर्गचा एक फोटो आला, त्यात मागे टेबलावर त्याचा लॅपटॉप, आणि लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर टेप. साऱ्या जगाला तोंड दाखवायला लावणाऱ्याने आपला कॅमेरा बुजवलेला. एफबीआयचे तेव्हाचे प्रमुख जेम्स कोमी यांनीही त्याच वर्षी सांगितलं, की मीही टेप लावतो. झालं. जी गोष्ट काल खुळचट होती ती दुसऱ्या दिवशी शहाणपणाची ठरली आणि ऑनलाइन बाजारात कॅमेऱ्याच्या सरकत्या झाकण्या डझनाने मिळू लागल्या. पुढे २०२० च्या जुलैमध्ये अ‍ॅपलने बजावलं, की असली झाकणी लावून मॅकबुक मिटू नका, स्क्रीन खराब होऊ शकते; लावायचीच तर प्रिंटरच्या साध्या कागदाहून, म्हणजे ०.१ मिलिमीटरहून, जाड नको.

०.१ मिलिमीटर. हा आकडा मी वाचला होता. वाचून फडकं घालत होतो. फडकं किती मिलिमीटरचं हे मी कधी मोजलं नाही. सायंटिस्ट म्हणे.

आता गेल्या वर्षीच्या खंडेनवमीकडे येतो. गावच्या देवीचं, फिरंगाईचं नवरात्र म्हणजे आमच्या गावाचं वर्ष तिथे सुरू होतं आणि तिथेच संपतं असं समजा. नवमीला घरातली हत्यारं पुजायची. आमच्याकडे कोयता, खुरपं, विळी, पाना-पेचकसाची पेटी, आणि गेल्या काही वर्षांपासून लॅपटॉप. मी अंघोळीला गेलो होतो. लॅपटॉप ओट्याशेजारच्या टेबलावर उघडा होता. देवाचं तोंड उघडं असावं म्हणून आईने तो तसाच पुजला. झाकणाच्या कडेला हळद-कुंकवाची बोटं, टचपॅडवर झेंडू, आणि वरून मूठभर अक्षता. पूजा झाल्यावर झेंडू काढला, मोठाल्या अक्षता वेचल्या आणि लॅपटॉप मिटला. मिटताना तिने काय केलं, तर माझं काळं फडकं शोधलं, कीबोर्डवर पसरलं, चारी कोपरे सारखे केले. फुंकर मारली की नाही, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

दसरा उलटला. गाडीत बसल्यावर लॅपटॉप उघडला तर स्क्रीनच्या मध्यावरून कोळ्याच्या जाळ्यासारखा तडा, आणि खाली शाई सांडल्यासारखा काळा डाग. स्क्रीन म्हणजे दोन पातळ काचा आणि त्यांच्यामध्ये द्रवस्फटिकाचा थर. काच गेली की तो थर बिघडतो, आणि शाई दिसते ती तीच. त्या दिवशी मात्र आजोबा काही बोलले नाहीत. माझ्या हातातल्या फडक्याकडे बघत राहिले.

दुरुस्तीला दौंड गाठलं. कुरकुंभहून दौंडात शिरायचं तर रेल्वेखालची कुरकुंभ मोरी लागते. दौंडकरांना आमच्या गावाचं नाव द्यायला हीच जागा सापडली, यातून काय घ्यायचं ते घ्या. दुकानातला पोरगा विशीचा असेल. त्याच्या स्वतःच्या मोबाइलची काच इतकी फुटलेली की समोरचा माणूस त्याला तुकड्यांत दिसत असेल. त्याने लॅपटॉप उघडला, दिव्याखाली धरला, चिमटा घेतला आणि 'जी' आणि 'एच'च्या फटीतून अर्धा तांदूळ उचलला. पिवळसर, एका टोकाला कुंकू लागलेलं. तो त्याने एका व्हिजिटिंग कार्डावर ठेवला आणि कार्ड माझ्याकडे सरकवलं.

"हा तुमचा माल, साहेब."

तांदळाचा दाणा दीड-दोन मिलिमीटर जाड. अ‍ॅपलच्या हिशेबाने पंधरा-वीस कागद. मी मनात भागाकार करत होतो, तेवढ्यात पोराने फडकं उचललं, दोन बोटांत चुरून पाहिलं आणि म्हणाला, "हे घालून मिटत होता?"

म्हटलं, "स्क्रीन जपायला."

"हे नसतं तर दाणा दिसला असता. नाहीतर फटीत गेला असता खाली. फडक्याने तो वर धरून ठेवला ना. वरून तुम्ही बॅगेत डबा घातला असणार."

डबा घातला होता. स्टीलचा, तीन पुडाचा.

नवीन स्क्रीनचे साडेसात हजार मोजून घरी आलो आणि आईला तांदूळ दाखवला. आईने तो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला. "आरं, देवाच्या अक्षता हायेत त्या. त्यांनी कुठं काय मोडतंय?" मग जरा थांबून म्हणाली, "आन् मी तर तुझंच फडकं घातलं हुतं बाबा. तू घालतोस तसं. चारी कोपरं सारखं करून." तिने तांदूळ तुळशीत टाकला. खटला तिथेच संपला. फडकं चष्म्याच्या डबीत परत गेलं आणि आता मी बोटं रुमालाला पुसून लॅपटॉप मिटतो. आजोबांचं ऐकलं, असं त्यांना मी अर्थातच सांगितलेलं नाही.

यंदाच्या खंडेनवमीला आई कुंकवाची वाटी घेऊन दारात उभी राहिली. "कुठं लावू सांग." मी लॅपटॉप कपाटात घातला आणि चार्जर पुढे केला. तिने चार्जरच्या काळ्या ठोकळ्यावर हळदीचं एक आणि कुंकवाचं एक बोट ओढलं, वायरीचं वेटोळं सरळ केलं, नमस्कार केला.

नंतरच्या सोमवारी गाडीत मी चार्जर काढून खिडकीखालच्या प्लगला लावला. कुंकू तसंच होतं, मी पुसलं नव्हतं. केडगावला आजोबा चढले, समोर बसले, चार्जरकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. मी कारण तयार ठेवलं होतं, पाचसहा मुद्दे होते. त्यांनी काहीच विचारलं नाही. पिशवीतून पेढ्याचा पुडा काढला आणि म्हणाले, "घ्या. घरचाच हाय."