घरच्या माणसाचं बोट

धानाचा भाव दरवर्षी जाहीर होतो आणि दरवर्षी त्यावर बोंब होते. बोटाचाही सरकारी भाव आहे, पण त्यावर आजवर कोणी हूं की चूं केलेलं नाही. तर्जनी मुळापासून गेली तर 14 टक्के. तिची दोन पेरं गेली तर 11, एक गेलं तर 9. हाड शाबूत राहून नुसतं टोक उडालं तर 5. मधलं बोट जरा स्वस्त, 12. अनामिका आणि करंगळी एकाच पंगतीला, 7. अंगठा मात्र थेट 30. अंगठ्याला एवढा मान का, हे गोंदिया जिल्ह्यात कोणालाही समजावून सांगावं लागणार नाही. त्याच्याशिवाय कोणताच कागद पुरा होत नाही.

हे दरपत्रक 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात छापलेलं आहे. टक्के कसले, तर माणसाची कमावण्याची ताकद किती घटली त्याचे. कायदा लिहिणाऱ्यांनी पेरापेरापर्यंत हिशेब केला. हा कायदा याच जिल्ह्यातल्या सौंदडपर्यंत पोचायला शंभर वर्षं कमी पडली, हा त्यांचा दोष नाही. सौंदडला पूर्व-पश्चिम जुना सहा नंबरचा, म्हणजे आताचा 53 नंबरचा महामार्ग आहे आणि गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी रेल्वे आहे. दोन्हींवरून धान जातं, तांदूळ जातो, माणसं कामाला परमुलखात जातात. कायदा तेवढा उतरत नाही. बहुधा थांबा नसावा.

शिवाय इथं कायद्याची गरजच काय? राइस मिलचे शेठजी कामगाराला नोकर मानत नाहीत. (शेठजींचं नाव विचारू नका. ते काल्पनिक आहेत आणि धानाच्या पट्ट्यात जागोजागी गादीवर बसलेले दिसतात.) मिलमधला प्रत्येक जण ‘आपला घरचा माणूस’. आता घरच्या माणसाला नेमणूकपत्र कोण देतं? घरच्या माणसाचं नाव हजेरीपटावर कोण लिहितं? मिलमध्ये पंचवीस माणसं पोती वाहतात आणि पटावर नऊ असतात. दहा झाली की कामगार विम्याचा ईएसआय विचारायला येतो, वीस झाली की कारखान्याचे नियम लागतात. म्हणून उरलेली सोळा घरची.

घरचा माणूस एलिव्हेटरच्या पट्ट्यात अडकलेला धानाचा काडीकचरा हातानं काढतो, कारण मिल बंद करून काढला तर तेवढा वेळ लाईट बिल फुकट जातं. पट्ट्यावर जाळी नसते. होती, पण दर वेळी काढावी लागते म्हणून एका हंगामात कायमचीच काढून भिंतीला टेकवली. आणि मग एका क्षणात तर्जनी जाते.

त्यानंतरची पंधरा मिनिटं अभ्यासण्यासारखी असतात. सकाळी घरचा असलेला माणूस मोटरसायकलवर मधे बसवून दवाखान्यात पोचेपर्यंत ठेकेदाराचा झालेला असतो. ड्रेसिंग होईपर्यंत तो ‘असाच मिल पाहायला आला होता’ होतो. केसपेपरवर काय लिहायचं हे सोबत आलेला मुकादम सांगतो: घरी विळा लागला. संध्याकाळपर्यंत ‘पिऊन होता’ हेही गावभर झालेलं असतं. म्हणजे जो कामावर नव्हताच, तो कामावर पिऊन होता. शेठजींना तर्कशास्त्र कोणी शिकवलं कोण जाणे, पण पैसे वसूल आहेत.

या सगळ्याची उत्तरं त्या म्हाताऱ्या कायद्यात लिहून ठेवलेली आहेत. ठेकेदाराचा माणूस असला तरी, काम मालकाच्या धंद्याचं आणि जागा मालकाची असेल तर भरपाई आधी मालकाकडून मागता येते. मालकानं नंतर ठेकेदाराची मान धरावी. दारूचा बचाव चालतो, पण अपघात त्या नशेमुळंच झाला हे दाखवावं लागतं. आणि माणूस मेला किंवा कायमचा पूर्ण निकामी झाला तर तोही बचाव चालत नाही. संरक्षक जाळी कामगारानं मुद्दाम काढली असेल तर मालक सुटू शकतो, पण जाळी शेठजींनीच भिंतीला टेकवली असेल तर भिंतीला साक्षीला बोलावता येईल. डोकी किती, हे हा कायदा विचारत नाही. नऊ लिहा नाहीतर नव्वद. उलट 2017 पासून तर माणूस कामावर घेतानाच त्याचे भरपाईचे हक्क त्याला लेखी, त्याच्या समजत्या भाषेत सांगणं मालकावर बंधनकारक झालं. न सांगितल्यास 50 हजार ते एक लाख दंड. शेठजींनी अजून कोणाला काही सांगितलेलं नाही. घरात एवढं लेखी कोण बोलतं?

आता बोटाचा हिशेब करू. माणूस तीस वर्षांचा, पगार महिना 10 हजार. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असतं तर पगाराच्या 60 टक्के, म्हणजे 6000, गुणिले तिशीच्या वयाचा गुणक 207.98, झाले 12 लाख 47 हजार 880. त्याचे 14 टक्के म्हणजे 1 लाख 74 हजार 703. पट्टी सुटेपर्यंत काम बंद, त्या काळात दर पंधरवड्याला पगाराचा पाव हिस्सा. औषधपाण्याचा खर्च वेगळा. महिन्याभरात रक्कम दिली नाही तर 12 टक्के व्याज, आणि टाळाटाळीला सबळ कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड.

शेठजींचा हिशेब याहून सुटसुटीत आहे. दवाखान्याचं बिल, रोख 5 हजार, तांदळाचा एक कट्टा आणि पाठीवर हात. “कोर्टात काहून जातं बापू? आपन घरचेच ना.” तांदूळ चांगला असतो, हे मान्य केलं पाहिजे. त्याच वर्षी मंडईच्या जत्रेतल्या नाटकाच्या पत्रकावर शेठजींचं नाव सौजन्य म्हणून छापून येतं. त्या सौजन्यात दोन-चार बोटं आरामात बसली असती. पण बोटाचं पत्रक निघत नाही.

मुंबईत 1884 साली नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन सरकारी आयोगाकडे धाडलं. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, अशा मागण्या त्यात होत्या. आणखी एक होती: कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्या, जन्माचा अधू झाला तर पोटाची सोय करा. पूर्ण पगार! आजही कायदा तात्पुरत्या अपंगत्वाला दोन पंधरवडे मिळून अर्धाच देतो. लोखंड्यांच्या त्या कामगारांना सौंदडच्या तांदळाचा कट्टा कोणी देऊ केला नसावा, नाहीतर एवढ्या अवाजवी मागण्या त्यांना सुचल्या नसत्या.

जिल्ह्यात भरपाईचा दुसराही एक दाता आहे आणि तो शेठजींपेक्षा कितीतरी चोख आहे. वाघ. नवेगाव-नागझिऱ्याच्या आसपास तेंदूपत्ता तोडायला किंवा मोहफुलं वेचायला गेलेला माणूस वाघानं मारला तर सरकार वारसांना 25 लाख देतं. काही लगेच, बाकीचे बँकेत ठेव म्हणून. तोच माणूस चाळीस वर्षांचा असताना, दहा हजार पगारावर, मिलच्या पट्ट्यात गेला तर 5000 गुणिले 184.17, म्हणजे 9 लाख 20 हजार 850. तेही कोणी दावा लावला तर. पगार कितीही मोठा असो, हिशेबाला महिना 15 हजारच धरायचे अशी 2020 पासून मर्यादा. तेवढे धरले तरी आकडा 14 लाखांच्या आतच राहतो. फरक का? तर वाघाला ठेकेदार नसतो. तो पंचनाम्याच्या वेळी ‘हा माणूस माझ्या जंगलात कामाला नव्हताच’ असं म्हणत नाही. पायाचे ठसे पुसत नाही. कोणाला पिऊन होता म्हणत नाही.

शेतात गेलं तर तिसरा हिशेब. धान चुरताना मळणी यंत्रात हात गेला, तर शेतकऱ्यासाठी गोपीनाथ मुंडे अपघात योजना आहे: एक हात गेला तर लाख, दोन्ही गेले तर दोन लाख. बोटाचा तिथं विचार नाही, आणि मुख्य म्हणजे सातबारा लागतो. यंत्रात हात घालणाऱ्याकडे सातबारा क्वचितच असतो, आणि सातबारा असणारा यंत्रात हात क्वचितच घालतो. त्या मजुराला सहसा कोणी सांगत नाही की यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या साधनानं शेती करणारा मजूरसुद्धा 1923 च्याच कायद्यात बसतो. यंत्रमालक गावातलाच भाऊ-काका असला तरी बसतो. पण काकांवर दावा लावायचा म्हणजे पुढच्या हंगामात कामाला बोलावणं नाही, हे त्याला कायद्यापेक्षा पक्कं ठाऊक असतं. इथं माझी थट्टा संपते, कारण त्याचं बरोबर आहे.

दरम्यान 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या चार कामगार संहिता लागू झाल्या आणि हा जुना कायदा सामाजिक सुरक्षा संहितेच्या पोटात गेला. अपघात त्याआधीचा असेल तर जुनंच चालेल. नव्यात एक गोष्ट कामगाराच्या फायद्याची आहे: घरून कामावर येताना किंवा परतताना झालेला अपघातही, वेळ, ठिकाण आणि कामाचा धागा जुळला तर, कामावरचाच धरायचा. महामार्गाला लागून असलेल्या गावासाठी ही मोठी गोष्ट. शेठजींनी त्यावरही उपाय काढला आहे. आता ते माणूस कामावर येतानाही पाहत नाहीत.

राहता राहिला स्टॅम्प पेपर. तांदळाच्या कट्ट्यासोबत स्टॅम्पवर एक मजकूर येतो: माझी काही तक्रार नाही, मला सर्व भरपाई पोचली, पुढं काही मागणार नाही. खाली अंगठा. (तर्जनी गेली होती, अंगठा शाबूत होता, 30 टक्क्यांचा माल मालकाच्या कामी आला.) जुन्या कायद्याच्या 17 व्या कलमाप्रमाणे हक्क सोडून देणारा असा करार मुळातच रद्दबातल. आपसात रक्कम ठरवायचीच असेल तर तो करार आयुक्तांकडे नोंदवावा लागतो, आणि रक्कम तोकडी दिसली तर ते नोंदवायला नकार देऊ शकतात. माणूस मेला असेल तर पैसे पंचांसमोर बायकोच्या हाती ठेवूनही भागत नाही. आयुक्तांकडेच भरावे लागतात, नाहीतर तीन महिन्यांच्या पगाराएवढी आगाऊ रक्कम सोडून बाकी दिलेलं दिल्यात जमा होत नाही. आयुक्त म्हणजे कोणी मुंबईचा अधिकारी नव्हे, बहुतेक कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच. वकिलाला पैसे नसतील तर औद्योगिक कामगाराला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. आणि निकाल विरुद्ध गेला म्हणून शेठजींना नागपूरला उच्च न्यायालयात अपील करायचं झालं, तर पूर्ण रक्कम आधी भरून मगच करता येतं. हे वाक्य शेठजींना मोठ्यानं वाचून दाखवू नये, त्यांचा रक्तदाब वाढतो आणि तोही कामावरचा अपघात ठरायचा.

एवढं असूनही शेठजी निष्ठुर आहेत असं कोणी म्हणणार नाही. बोट गेलेल्या माणसाला त्यांनी वाऱ्यावर सोडलेलं नाही. त्याला मिलच्या फाटकावर रात्रीची चौकीदारी दिली. पगार थोडा कमी, पण बसून काम. गावात शेठजींचं नाव झालं. ही चौकीदारी साधारण दोन वर्षं चालते. जुन्या कायद्यात दावा दाखल करायची मुदतही दोनच वर्षं आहे, हा योगायोग. मग एके दिवशी मिलला सीसीटीव्ही लागतो आणि चौकीदाराची गरज उरत नाही.

मुदत उलटली तरी उशिराला सबळ कारण दाखवलं तर आयुक्त दावा ऐकू शकतात, हे त्याच कलमात जरा खाली लिहिलेलं आहे. शेठजींच्या वकिलानं तिथपर्यंत वाचलंय की नाही कोण जाणे. ‘मालकानं चौकीदारी देऊन गप्प बसवलं होतं’ हे कारण सबळ ठरतं का, ते सौंदडमधून कोणीतरी एकदा अर्ज करून विचारायला हवं. आणि अर्ज लिहायला मोकळा वेळ तर शेठजींनी आधीच दिलेला आहे.