पाट्यांवरच्या नावांना काम

गावाच्या नावाला बोलीभाषेत कामाला लावण्याची वहिवाट मराठीत जुनी आहे. १७६१ साली जे घडायचे ते घडून गेल्यावर पानिपत हे गाव जागच्या जागी राहिले, पण त्याचे नाव महाराष्ट्रात कायमच्या वस्तीला आले, आणि आज क्रिकेटच्या संघापासून दहावीच्या गणितापर्यंत कोणाचेही व कशाचेही पानिपत होऊ शकते. कोकणात एखाद्याच्या डोक्याविषयी शंका आली, की त्याला रत्नागिरीस पाठविण्याची भाषा होते, कारण तेथे मनोरुग्णालय आहे. हापूससाठी नावाजलेल्या शहराला हा दुसरा लौकिक कितपत रुचतो, याची चौकशी बोलणारे करीत नाहीत. इंग्रजांना ही युक्ती बरीच उशिरा सुचली. डग्लस ॲडम्स आणि जॉन लॉइड यांनी १९८३ साली ‘द मीनिंग ऑफ लिफ’ नावाचा एक छोटा विनोदी कोश काढला आणि त्यात, रस्त्याकडेच्या पाट्यांवर नुसत्या उभ्या असलेल्या गावनावांकडे, ज्यांना भाषेत नावच नाही असे अनुभव सोपवून दिले. महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत बेकार पाट्यांना तोटा नाही आणि बिननावाच्या आधुनिक सवयींना तर मुळीच नाही. तेव्हा दोहोंची सोयरीक जुळविण्याचा प्रस्ताव प्रस्तुत सदर विद्वानांपुढे ठेवीत आहे.

शब्द पाडण्याची टांकसाळ या परिसरात पूर्वीही चालली आहे. महाड तालुक्यातल्या रायगडावर १६७४ साली राज्याभिषेक झाला, तेव्हा पेशव्याचा मुख्य प्रधान, सुरनिसाचा सचिव आणि सरनौबताचा सेनापती करण्यात आला, आणि पुढे फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द पुरविणारा ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध झाला, ज्याचे श्रेय सामान्यतः रघुनाथ पंडितांना दिले जाते. कामगिरी मोठी होती, याविषयी वाद नाही. सचिव तर असा काही रुजला, की तो आजतागायत मंत्रालयात बसून आहे. पेशवा हा शब्द मात्र इतक्या कडेकोटपणे हद्दपार झाला, की पुढच्या शतकातल्या अख्ख्या राजवटीला लोकांनी त्याचेच नाव दिले. पोलादपूर तालुक्यातल्या कापडे गावाच्या बाबतीत तर फारसीने आणखी सोयीची जागा धरली: गाव दोन, नावे कापडे बुद्रुक व कापडे खुर्द, आणि यांतला बुद्रुक म्हणजे ‘बुजुर्ग’, थोरला, आणि खुर्द म्हणजे धाकटा. गडावरून उतरविलेली भाषा अशी पाटीवर येऊन बसली, आणि तिला तेथून उठविण्याचे कोणाला आजवर सुचलेले नाही.

आधुनिक समाजशास्त्राला ज्या दोन शब्दांची निकड आहे, ते नेमके हेच दोन आहेत. गावकीच्या, भावकीच्या किंवा शाळासोबत्यांच्या व्हॉट्सॲप समूहाला यापुढे ‘बुद्रुक’ म्हणावे. बुद्रुकात सर्व जण असतात, सूर्योदयाबरोबर गुलाबाची फुले येतात, वाढदिवसाचे केक कापले जातात, सप्त्याच्या वर्गणीची यादी पडते, आणि मुंबईचे मंडळ व गावचे मंडळ एकमेकांना ‘आदरणीय’ म्हणतात. ‘खुर्द’ म्हणजे याच समूहातून एकच इसम वगळून केलेला दुसरा समूह, ज्यात त्या इसमाविषयी बोलले जाते. खुर्दाला छायाचित्र नसते, त्याचे नाव ‘फक्त कामाचे’ किंवा नुसते एक टिंब असते, आणि गावाचे सर्व खरे निर्णय तेथेच होतात. बुद्रुकात ते फक्त अंगठ्याने मंजूर केले जातात. गणिताच्या अंगाने पाहता, चाळीस सभासदांच्या बुद्रुकातून तत्त्वतः चाळीस खुर्द निघू शकतात, आणि तरीही प्रत्येक सभासदाची अशी समजूत असते, की आपण एकोणचाळीस ठिकाणी आहोत आणि चाळिसावा काही निघालेला नाही. ‘हे इथे नको, खुर्दात घेऊ’ हा वाक्प्रचार तालुक्याच्या राजकारणात आपोआप रूढ होईल, असे मानण्यास भरपूर जागा आहे.

त्याच वर्गणीच्या यादीतून दुसरी संज्ञा निघते. महाडहून भोरला नेणारा वरंध घाट पावसाळ्यात दरडींच्या भयाने जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशान्वये वाहतुकीला बंद होतो, कधी जड वाहनांपुरता तर कधी सरसकट, आणि अशा आदेशांची भाषा ‘पुढील आदेश होईपर्यंत’ या वळणाची असते. यादीत आपल्या नावापुढचा आकडा पाहून, दोन निळ्या खुणा मागे ठेवून आणि फोन ‘संपर्क क्षेत्राबाहेर’ करून जो गृहस्थ पुढील आदेश होईपर्यंत अंतर्धान पावतो, तो ‘वरंध झाला’ असे म्हणावे. घाट निदान पावसाळा सरल्यावर उघडतो.

संगीताच्या प्रांतात मात्र अधिक बारकाईने शिरणे आवश्यक आहे, कारण तेथल्या युक्त्या श्रोत्याला कळतात पण त्यांचे नाव सांगता येत नाही. जाखडी, म्हणजे ज्याला मुंबईकर बाल्या डान्स म्हणतात तो, मध्ये गायक-वादक आणि भोवती रिंगण धरून नाचणारे गडी अशा रचनेचा नाच, गणपतीत आणि पुढे शक्ती-तुऱ्याच्या सामन्यांत रात्र रात्र चालतो. गाणे रेंगाळू लागले आणि पंच जांभया देऊ लागले, की मुरलेला शाहीर शेवटच्या कडव्याला काळी चारवरून थेट काळी पाचवर, म्हणजे पेटीच्या एका काळ्या पट्टीवरून पुढच्या वरच्या काळ्या पट्टीवर, उडी घेतो. शब्द तेच, चाल तीच, पण मांडव एकदम खडबडून जागा होतो. पाश्चात्य गाण्यांतही ही चलाखी भरपूर आहे आणि तिकडे ती ट्रकवाल्याच्या गिअर बदलण्यावरून ओळखली जाते. ज्या मुलखात प्रत्येक ट्रकवाल्याने पोलादपूर सोडल्यावर खेडच्या दिशेने कशेडी घाटासाठी गिअर टाकलेला आहे, त्या मुलखाने हा शब्द बाहेरून आणावा, ही शरमेची बाब होय. या युक्तीला ‘कशेडी घेणे’ म्हणावे. एका गाण्यात एक कशेडी शोभते. दोन घेणाऱ्या शाहिराचा घसा वाटेतच बंद पडतो आणि कोरसला धक्का मारावा लागतो.

कशेडीची गोष्ट येथे संपत नाही, कारण घाटाखालून सुमारे दोन किलोमीटरचा बोगदा काढण्यात आला आणि २०२३ च्या गणपतीच्या तोंडावर त्याची एक बाजू हलक्या वाहनांना खुली झाली. चढण न चढता पलीकडे निघण्याची सोय झाली. संगीतात हीच सोय त्याआधीच झालेली होती. अँडी हिल्डेब्रँड नावाचा एक अमेरिकन अभियंता जमिनीखालचे तेल शोधण्यासाठी कंपनलहरींचे गणित मांडीत असे, आणि त्या गणिताच्या अनुभवातून त्याने १९९७ मध्ये ऑटोट्यून नावाची प्रणाली बाजारात आणली, जी बेसूर गळ्याला पकडून जवळच्या सुरावर नेऊन बसविते. तेल शोधता शोधता सूर सापडला म्हणायचे. ज्याने गाण्याचा चढ गळ्याने चढलेलाच नाही पण ध्वनिमुद्रणात जो वरच्या षड्जावर सुखरूप पोहोचलेला ऐकू येतो, त्या गायकाला ‘बोगद्याने गेलेला’ म्हणावे. महाडला वीरेश्वर महाराजांच्या छबिन्यात सासनकाठ्यांपुढे खालूबाजा वाजतो, ढोल, ताशा आणि सनई यांचा तो मेळ पायी चालत असतो, वाजविणाऱ्यांना घाम येतो, आणि सनईवाल्याची फूक चुकली तर ती चुकलेली सर्वांना ऐकू जाते. त्याला बोगदा उपलब्ध नाही.

उलट दिशेनेही उसनवारी करता येईल. तिहाई म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून तिसऱ्या खेपेला बिनचूक समेवर येणे. हळदीकुंकवापासून पुलाच्या उद्घाटनापर्यंत प्रत्येक व्यासपीठावर ‘एवढे बोलून माझे दोन शब्द संपवतो’ हे वाक्य तीनदा उच्चारले जाते. फरक एवढाच, की वक्ता तिसऱ्या खेपेनंतर नव्या आवर्तनाला सुरुवात करतो. या प्रकाराला ‘बिनसमेची तिहाई’ असे संबोधावे, अशी शिफारस आहे.

भयवाचक संज्ञांच्या बाबतीत जगात आधीच बाजार मांडलेला आहे. फोन जवळ नसण्याच्या भीतीसाठी २००८ साली ब्रिटनमध्ये एका पाहणीच्या निमित्ताने ‘नोमोफोबिया’ हा शब्द बाहेर पडला. समोरच्या माणसाकडे दुर्लक्ष करून फोनमध्ये डोके घालण्याला ‘फबिंग’ हा शब्द २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियात एका जाहिरात संस्थेने माणसे जमवून मुद्दाम बनविला, आणि त्यामागचा हेतू शब्दकोशाचा खप वाढविणे हा होता. शब्दकोश खपविण्यासाठी शब्द काढावा, ही व्यापारबुद्धी रघुनाथ पंडितांना सुचली नव्हती, हे मान्य केले पाहिजे. पोलादपूरच्या डोंगराळ वाड्यांत, जेथे रेंज धरण्यासाठी माणूस अंगणाचा एक विशिष्ट कोपरा राखून असतो, तेथे नोमोफोबियाला आजार म्हणता येणार नाही. ते रोजचे हवामान आहे. खऱ्या भीतीसाठी येथे नवा शब्द कोणी मागत नाही. २२ जुलै २०२१ च्या पावसात महाड तालुक्यात तळिये आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथे डोंगर खाली आला, तेव्हा ‘दरड’ हा जुना तीन अक्षरी आवाज पुरेसा होता. कार्यालयाने त्याला ‘प्रवण’ हे शेपूट जोडले, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी येणाऱ्या स्थलांतराच्या नोटिशीत ते शेपूट दरवर्षी हलते.

एक नाव या उद्योगातून वगळलेले बरे. घरचे कार्य सोडून कामावर धावणे याला ‘उमरठ करणे’ म्हणावे, अशी सूचना मुलाच्या बारशात लॅपटॉप उघडून बसणाऱ्या वर्गाकडून येण्याचा संभव आहे. तानाजी मालुसऱ्यांच्या गावाचे नाव तिमाही अहवालासाठी वापरू देण्यास हे सदर तयार नाही.

शासनही शब्द घडविण्यात मागे नाही. मुंबईत नोकरी करून शिमग्याला आणि गणपतीला घरी येणाऱ्याला कोकण पिढ्यान् पिढ्या ‘चाकरमानी’ म्हणत आले; त्यात चाकरीचा उल्लेख आहे, आणि घराने वाट पाहिल्याचाही. काहींना तो शब्द अवमानकारक वाटला, आणि २०२५ च्या गणेशोत्सवाच्या तोंडावर तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी त्याऐवजी शासकीय कागदपत्रांत ‘कोकणवासीय’ लिहिण्याच्या दृष्टीने परिपत्रक काढण्याची सूचना दिली. ज्या मुंबई-गोवा महामार्गाने हे गृहस्थ येतात, त्याच्या रुंदीकरणाचे काम २०११ पासून चालू आहे. शब्दाचे काम काही दिवसांत मार्गी लागले. माणगावच्या कोंडीत तासन् तास अडकलेल्या एसटीतला तोच प्रवासी आता सरकारच्या लेखी कोकणवासीय आहे, कापड्यात ओटीवर बसलेल्या त्याच्या आईच्या लेखी चाकरमानी आहे, आणि वाहकाच्या लेखी, दारातून आणखी चौघे चढत असल्यामुळे, ‘ओ दादा, जरा मागे सरका’ आहे.