थोरली पाती, धाकटी पाती

देवासात १९४८ पर्यंत पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीची दोन राज्यं एकाच गावात नांदली. आमच्या शेजारच्या जोडप्याने ही परंपरा टिकवली आहे. ऑक्टोबर आला की तिला थंडीची चाहूल लागते, त्याला घामोळं येतं. पंखा एकच, म्हणून तह होत नाही. पहाटे मात्र दोघं टेकडीवर पळतात. तिथल्या चामुंडा, तुळजाभवानीला हात जोडेपर्यंत मनगटावरच्या घड्याळात जळालेल्या कॅलरी खालच्या पोहे-जिलेबीत सव्याज परत मिळतात.

दिवाळीच्या सुट्टीत दोघं धारवरून मांडूला गेली. रूपमती मंडपातून स्वच्छ हवेत नर्मदा दिसते. यांना मोबाइलची रेंज दिसेना. तेवढ्यावरून तिथेच जुंपली. तुम्ही जाणार असाल तर सकाळी लवकर जा, आणि फोन गाडीतच ठेवा.