मेगाब्लॉकचे मिस्त्री

मध्य रेल्वेने रविवारचा मेगाब्लॉक जाहीर केला, की डोंबिवलीकर दादरची खरेदी आणि गडकरी रंगायतनचं नाटक पुढे ढकलतात. सोसायटीतल्या एका काकांचा चेहरा मात्र उजळतो. घरातलं कोणी कुठे जाणार नाही, म्हणजे ब्रेक दाबायला माणूस हाताशी! सकाळी आठला ते कपाळावर टॉर्च बांधून पार्किंगमध्ये उतरतात आणि आपली एमएच-०५ गाडी जॅकवर चढवतात. मागच्या दोन गाड्या अडकतात. रुळांवरचा ब्लॉक दुपारी कधीतरी उठतो. पार्किंगमधला कधी उठेल, हे काकाही सांगत नाहीत.

ठाण्यापासून कल्याणपर्यंत हे काका सर्वत्र आढळतात. आयुष्य वागळे इस्टेटमध्ये, डोंबिवली एमआयडीसीत नाहीतर ठाणे-बेलापूर पट्ट्यात गेलेलं. त्यातल्या एखाद्याने कल्याण-शिळ रस्त्यावरच्या प्रीमियरच्या कारखान्याचे दिवस पाहिलेले असतात. १९९४च्या सुमारास तिथे प्युजो ३०९ तयार होऊ लागली आणि दशक संपायच्या आत बंदही पडली. गाडी गेली, पण ‘फ्रेंच इंजिन म्हणजे काय चीज होती’ हे वाक्य अजून चालू स्थितीत आहे.

पैसे वाचतात, हा काकांचा अधिकृत खुलासा. प्रत्यक्षात पुलर, दोन स्टँड, लांब दांड्याचा पाना आणि टॉर्क रेंच यांच्या बिलांत गॅरेजवाल्याची दिवाळी झाली असती. ही बिलं कपाटात कुठे आहेत, ते काकूंना माहीत आहे. काकूंना ते माहीत आहे, हे काकांना माहीत नाही.

यंदाचं निमित्त क्रँक पुलीचं. सकाळी गाडी चालू केली की ‘चींऽऽ’ असा आवाज यायचा. गॅरेजवाला न बघताच म्हणाला, “पट्टा बदला.” काकांनी पट्टा बदलला, आवाज तसाच. मग त्यांनी पुलीच्या आतल्या भागापासून बाहेरच्या कड्यापर्यंत पांढऱ्या रंगाची सरळ रेघ मारली आणि पत्री पुलापर्यंत चक्कर मारून आले. रेघेचे दोन तुकडे झाले होते, आणि ते समोरासमोर नव्हते. काका इतके खूश झाले, की खर्च आपल्यालाच आहे याचा त्यांना विसर पडला.

त्या दिवसापासून लिफ्टमध्ये सापडेल त्याला माहिती मिळू लागली. ही पुली अखंड लोखंडाची नसते. मधला भाग क्रँकशाफ्टला, बाहेरचं कडं पट्ट्याला, आणि दोघांच्या मध्ये रबर. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला शंभर वेळा इंधन पेटतं आणि दर वेळी क्रँकशाफ्टला पीळ बसतो. त्याची थरथर रबर जिरवतं. रबर म्हातारं झालं की कडं जागच्या जागी घसरतं. मग अल्टरनेटर, एसी, आणि पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर असेल तर तोही, सगळेच रुसतात. “तीन मजल्यांत एवढंच सांगता आलं,” अशी काकांची खंत असते.

खरा शत्रू पुली नव्हे, तिच्या मधोमध बसलेला बोल्ट. वर्षानुवर्षं गंजलेला. पाना फिरवला की बोल्टाबरोबर अख्खा क्रँक फिरतो, म्हणून गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकून ब्रेक दाबून धरायचा. इथे काकू.

“अगं, दाब.”

“अहो, दाबलाय.”

“पूर्ण दाब.”

“पूर्णच दाबलाय. कुकर लावून आलेय, लवकर काय ते करा.”

एव्हाना सल्लागार मंडळ जमलेलं असतं. तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा व्हिडिओ पाहून आलेला: “काका, पाना जमिनीला टेकवा आणि स्टार्टर मारा, एका झटक्यात सुटतो!” काका त्याला शांतपणे सांगतात, की पाना सटकला तर तो बोल्ट नाही, गुडघा सोडवतो, शिवाय होंडाची जुनी बरीच इंजिनं उलटी फिरायची, तिथे बोल्ट आणखी आवळला जाईल. मग पान्याला मीटरभर पाइप लावून आठवीच्या मुलांचा तास सुरू होतो. टोकाला दहा किलो वजन दिलं की ९८ न्यूटन मीटर. ऐंशी किलोचे काका लोंबकळले की ७८४. बोल्ट ‘कट्’ करून सुटतो आणि मुलं टाळ्या वाजवतात. काकू ब्रेकवरून पाय काढून कुकरकडे धावतात.

पुली ओढताना बाहेरच्या कड्याला आकडे लावायचे नाहीत, मधल्या भागालाच धरायचं. पुली क्रँकवर अडकवणारी छोटी चावी गटाराच्या जाळीत पडू द्यायची नाही. आणि एवढं उघडलंच आहे तर क्रँकचं ऑइल सील बदलायचं. हे सगळं काका मोठ्याने म्हणत करतात. ऐकणारे आता दोनच उरलेले: अडकलेल्या गाड्यांचे मालक.

नवी पुली आणि नवा बोल्ट बसला, की टॉर्क रेंच बाहेर येतो. तो गोदरेजच्या कपाटात, चांदीच्या ताटाच्या वर असतो. गॅरेजवाल्यांचं ‘हाताला कळतं’ काकांना मान्य नाही. मॅन्युअलमधला आकडा लावायचा, ‘टक्’ आवाज आला की थांबायचं. संध्याकाळी इंजिन चालू होतं. आवाज गेलेला असतो. तो खरंच गेला आहे हे दाखवायला काका तीन विंगमधल्या लोकांना खाली बोलावतात.

सध्या ते अस्वस्थ आहेत. ए विंगमध्ये इलेक्ट्रिक गाडी आली आहे. क्रँक नाही, पुली नाही, क्रँकचं ऑइल सील नाही. काकांनी बॉनेट उघडायला लावलं, टॉर्च मारला, बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी मालकाला म्हणाले, “चाकाचे नट तरी किती न्यूटन मीटरवर आहेत, बघून घेऊ. पुढच्या रविवारी ब्लॉक आहेच.”